माळ जरूर घाला, पण आधी दवाखाना

खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

‘आमचे मालक बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. वय चाळीस. दहा-बारा वर्षं पितात. आता सकाळी उठल्याउठल्या नव्वदीचा पॅक लागतो, दिवसभरात मिळून दोन क्वार्टर होतात. गेल्या वर्षी आषाढीला माळ घातली आणि दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी रात्री फिट आली. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. थोड्या दिवसांनी परत सुरू झालं. आता कार्तिकीला पुन्हा माळ घालतो म्हणतात. सासूबाईंनी दारू सोडवायचं चूर्ण मागवलंय, चहातून द्यायला सांगतात. त्यातच धाकट्या दिरांच्या मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली, तो सतरा वर्षांचा आहे. घरात रोज भांडण. काय करू?’

ताई, तुमच्या प्रश्नात तीन-चार काळज्या एकत्र आल्या आहेत. त्यातली एक तातडीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. मालकांनी कार्तिकीला घरच्या घरी, डॉक्टरांशिवाय, एकदम दारू बंद करू नये. मी दारूची बाजू घेत नाही. त्यांनी दारू सोडलीच पाहिजे, पूर्ण सोडली पाहिजे. ‘कमी करतो’ हा रस्ता त्यांच्यासाठी आता उरलेला नाही. पण ज्याला सकाळी उठून हात थरथरतात म्हणून प्यावी लागते आणि ज्याला दारू तुटल्यावर एकदा फिट येऊन गेली आहे, त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका सोडल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत असतो. हे दिवस दवाखान्यात काढायचे. तोवर तुम्हीही रागाच्या भरात पॅक लपवून, पैसे काढून घेऊन त्यांची दारू एकाएकी तोडू नका.

असं का होतं ते सांगते, म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल. दारू मेंदूला गुंगवते. वर्षानुवर्षं रोज गुंगी यायला लागली की मेंदू तिच्याविरुद्ध स्वतःला जास्तीचं जागं ठेवायला शिकतो. दारू अचानक गेली की गुंगी त्याच दिवशी जाते, पण ते जास्तीचं जागेपण मागं राहतं आणि अंगावर येतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप लागत नाही. बहुतेकांचं इथवरच राहतं आणि चार-पाच दिवसांत ओसरतं. काहींना साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येते. तुमच्या मालकांना आली ती हीच. ती मिरगी नव्हे, अंगात येणंही नव्हे. आणि थोड्या लोकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो. तो सगळ्यात वाईट.

बेळगावच्या वडगावातल्या एका विणकराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरच्यांनी देवीची शपथ घालून त्याची दारू बंद करवली होती. तिसऱ्या रात्री त्याला दवाखान्यात आणलं. खाटेवर बसून तो हवेत दोन्ही हातांच्या चिमटी जुळवत होता, तुटलेला धागा शोधून गाठ मारत असल्यासारखा. गाठ मारली की उजवा हात बाजूला नेऊन माग चालू करायचा, जरा वेळानं पुन्हा थांबवायचा. मध्येच चादरीवरच्या मुंग्या झटकायचा. चादरीवर एकही मुंगी नव्हती. बायको नावानं हाक मारत होती. तिला तो मागाचा मालक समजून ‘साडी उद्या देतो’ म्हणत होता. अंगात ताप, कपडे घामानं चिंब, नाडी धावत होती. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलंय, म्हणून आणण्याआधी अर्धा दिवस उताऱ्यात गेला होता. या अवस्थेला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. जुन्या काळी, उपचार नव्हते तेव्हा, यात तिघांतला एक दगावायचा. आज वेळेवर दाखल केलं तर बहुतेक सगळे वाचतात. हा माणूसही वाचला. पण त्याची शपथ ज्या दिवशी घातली त्याच दिवशी दवाखान्यात आणला असता तर त्याला यातलं काहीच भोगावं लागलं नसतं.

एकदा दारू तुटताना फिट आली की पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता वाढते. दर वेळी सोडायचं, पुन्हा लागायचं, पुन्हा एकदम सोडायचं, असं चाललं की प्रत्येक वेळचा त्रास आधीपेक्षा जास्त होत जातो. म्हणून मी कार्तिकीचं ऐकून घाबरले. गेल्या वर्षी फिटवर निभावलं, या वर्षी त्यावर निभावेलच असं धरून चालता येत नाही.

आता सलाईनबद्दल. आपल्याकडं पिणाऱ्या माणसाला अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावून आणतो’ हा पहिला उपाय. ती बाटली बहुतेकदा ग्लुकोजची. पण रोज भरपूर पिणारा माणूस नीट जेवत नाही, आणि दारूमुळं जेवणातलं बी-१ जीवनसत्त्वही अंगी लागत नाही. अशा माणसाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांना एकाचे दोन दिसणं, झोकांड्या जाणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. घरच्यांना वाटतं नशेत आहे, आणि माणूस तर दारू सोडून दोन दिवस झालेला असतो. वेळीच बी-१ ची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडं नेलंत तरी एवढं एक वाक्य बोला: ‘हे रोज पितात, काल बंद केलीय, आधी बी-१ द्या.’ डॉक्टरला असं सांगण्यात लाजायचं काही नाही. बऱ्याचदा घरचे लाजेनं दारूचा उल्लेखच करत नाहीत, ‘जेवण जात नाही’ एवढंच सांगतात, आणि डॉक्टर तसंच औषध देतो.

मालक किती पितात ते मोजून बघा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या लहान पेगात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम, दोन क्वार्टर म्हणजे १२० ग्रॅम, रोज. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ असं पोरं म्हणतात, त्यांच्यासाठी: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत चार लहान पेगांइतकं अल्कोहोल असतं. आणि चांगली महागातली प्यायली तर लिव्हर बिघडत नाही, हा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकते. लिव्हर किंमत बघत नाही, ग्रॅम बघतं. लिव्हरवर नुसती चरबी चढलेली असेल तर दारू पूर्ण सोडल्यावर काही आठवड्यांत ती बरीचशी उतरते. एकदा लिव्हर आकसून कडक झालं, पोटात पाणी साठायला लागलं, की ते पहिल्यासारखं होत नाही. तरीही त्या टप्प्यावर दारू सोडलेला माणूस न सोडलेल्यापेक्षा जास्त जगतो. पाय सुजणं, डोळे पिवळे होणं, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शी, यातलं काहीही दिसलं तर कार्तिकीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. मालक मावा खात असतील, आणि फाउंड्रीतले बहुतेक खातात, तर तोंडही दाखवून घ्या. तंबाखू आणि दारू दोन्ही असली की तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. निपाणीपासून बेळगावपर्यंत तंबाखू आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की तिला कोणी व्यसनात धरत नाही.

‘असं आमच्याच घरात का’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून ते जाणवलं. तुमच्याच घरात नाही, ताई. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पिणारे निघाले. त्यातल्या जवळपास २.९ कोटी लोकांना दारूवाचून राहताच येत नाही. त्याच पाहणीतला मला सगळ्यात टोचणारा आकडा वेगळा आहे: अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांमागं फक्त एकाला कुठलाही उपचार मिळालेला होता. बाकीच्या सदतीस जणांच्या घरी शपथा, भांडणं, अंगारे आणि चूर्णं चाललेली असतात.

आपल्या सीमाभागात दारू मिळवायला कष्ट पडत नाहीत, हेही खरं. कर्नाटकात जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे अरॅक ही स्वस्त दारू, बंद झाली. सारायीची पाकिटं गेली, पिणारे राहिले, आणि तिच्या जागी स्वस्त व्हिस्की-रमचे नव्वद मिलीचे कागदी पॅक आले. तो पॅक खिशात मावतो, बाटलीसारखा वाजत नाही, शिफ्टला जाताना आडोशाला दोन घोटांत संपतो. परवान्याचं दुकान नसलेल्या गावातही पानपट्टीत, किराणा दुकानात तो चोरून मिळतो, आणि उधारीवर मिळतो. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथं दारूवर कर कमी. शिनोळी लागली की महाराष्ट्रातला चंदगड तालुका; तिथं सरकारमान्य देशी. तीन राज्यांचे तीन कायदे, आणि पिणाऱ्याला तिन्ही सोयीचे.

गावातलं चोरटं दुकान बंद करा म्हणून भांडणाऱ्या बायकांच्या मी पाठीशी आहे. जानेवारी २०१९ मध्ये दारूबंदीसाठी कर्नाटकातल्या हजारो बायका चित्रदुर्गहून बेंगळुरूपर्यंत चालत गेल्या, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. दुकान लांब गेलं की नव्यानं लागणारी पोरं कमी होतात. पण ज्यांना आधीच लागलीय त्यांची सोय त्याच वेळी करावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा दारू तुटून फिट आणि भ्रम झालेले रुग्ण वाढल्याचं निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी बेंगळुरूत नोंदवलं. दुसरा धोका हातभट्टीचा. दुकान बंद, खिसा रिकामा, मग कुठलीही चालते. त्यात मिथेनॉल असलं तर ते शरीरात गेल्यावर फॉर्मिक ॲसिड होतं आणि आधी डोळ्यांची नस जाळतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं अशीच मेली. गावठी प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी कोणी ‘धुक्यातून बघतोय असं वाटतंय’ म्हणाला, पोटात दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तर त्याला झोपू देऊ नका. डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्या. या विषावर औषध आहे, पण तासांचा हिशेब आहे.

चूर्णाबद्दल माझं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. सासूबाईंचा जीव मुलासाठी तुटतोय, त्यांना रागावू नका. पण त्या पुडीत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. यात माणूस मरूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणून ते औषध तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. ज्याला माहीतच नाही की आपल्या चहात काय आहे, तो संध्याकाळी नेहमीसारखा पॅक फोडणार. शिवाय आज ना उद्या त्याला कळतं. मग तो घरचा चहा घेत नाही, घरचं जेवत नाही, आणि पुढं डॉक्टरांनी दिलेली गोळीही ‘हीच ती’ म्हणून फेकून देतो. अशी एक पुडी पुढच्या कित्येक महिन्यांचा विश्वास घालवते.

मग करायचं काय? आठवड्याभराची भरती. बेळगावात जिल्हा रुग्णालयात म्हणजे बिम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, केएलईच्या रुग्णालयात आहे, आणि धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. खानापूरहून रेल्वेनं थेट जाता येतं. तालुका रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, तो दिवस विचारून घ्या. दाखल केल्यावर बी-१ ची इंजेक्शनं, पाणी-क्षारांची भरपाई, आणि क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या मिळतात. या गोळ्या दारूची जागा तात्पुरती भरून काढतात आणि रोज कमी करत आठवड्याभरात बंद होतात. याच गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, आणि काही आठवडे चालू राहिल्या तर त्यांचंच व्यसन लागतं.

दाखल करायचं तर मालक तयार हवेत, आणि हा तुमच्या घरातला सगळ्यात अवघड भाग आहे हे मला माहीत आहे. नशेत असताना एक शब्दही बोलू नका, त्यातून फक्त मार आणि शिव्या निघतात. सकाळचा पहिला पॅक झाल्यावर हात थांबलेले असतात आणि डोकं त्यातल्या त्यात ठिकाणावर असतं. अर्धा-पाऊण तास मिळतो. तेव्हा, एकट्यानं किंवा ज्यांचं ते ऐकतात अशा एकाच माणसाला बरोबर घेऊन, बोला. गावगोळा करू नका. ‘तुम्ही घराचं वाटोळं केलंत’ हे त्यांनी हजारदा ऐकलंय. त्याऐवजी गेल्या वर्षीची फिट सांगा. ती त्यांना आठवतच नसणार, तुम्हाला आठवते. तोंडाला फेस आला होता, पोरं रडत होती, जीभ चावली होती, जे जसं घडलं तसं सांगा. आणि माळेचा मान ठेवा. मी वारकऱ्यांचे कितीतरी संसार माळेवर उभे राहिलेले बघितलेत. माळ घातलेल्याला गावात कोणी आग्रह करत नाही, संध्याकाळी हरिपाठाला जायला जागा असते, भजनातली माणसं रोज तोंड बघतात. दारू सोडलेल्याला जे हवं असतं त्यातलं पुष्कळसं इथं फुकट मिळतं. म्हणून त्यांना म्हणा: ‘माळ घालायचीच आहे, पण आधी आठवडा दवाखान्यात, आणि अंग स्वच्छ झाल्यावर एकादशीला माळ.’ तिथीचा हिशेब करून आठ-दहा दिवस आधी भरती ठेवा. गावच्या महाराजांना आधी भेटून हे समजावलंत तर तेच तुमचं काम अर्धं करतील.

आठवड्यानं घरी आलेला माणूस बरा झालेला नसतो, त्याचं अंग फक्त दारूवाचून राहायला लागलेलं असतं. ओढ पुढं कित्येक महिने राहते. ती कमी करणारी औषधं आहेत, नालट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन. लिव्हर-किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर त्यातलं ठरवतात. ही सहा महिने-वर्षभर घ्यावी लागतात, आणि लोक पहिल्या महिन्यातच ‘आता सुटली की’ म्हणून बंद करतात. पगाराचा दिवस, जत्रा, लग्नाची वरात, शिमगा, आणि मयत झालेल्या घरची रात्र, या पाच वेळा मी प्रत्येकाला आधीच लिहून काढायला सांगते. आपल्याकडं गावची लक्ष्मीची जत्रा म्हणजे घराघरात पाहुणे आणि मटण. त्या वर्षी जत्रा असेल तर मालकांना त्या दोन दिवसांत एकटं सोडू नका, जमलं तर पोरांना घेऊन तुमच्या माहेरी जा. पाव्हणे चार गोष्टी बोलतील, बोलू द्या.

आणि मध्येच प्यायले तर? बरेच जण एकदा तरी पितात. रक्तदाबाचा माणूस गोळ्या सोडतो आणि दाब वाढतो, तेव्हा आपण त्याला बेइमान म्हणत नाही, दवाखान्यात नेतो. इथंही तेच करायचं. एक दिवस प्यायले तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं. आठ दिवस पिणं चालू दिलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

काहींना नुसत्या भरतीनं भागत नाही, महिनाभराच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहावं लागतं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय आणि सीमाभागातली पुष्कळ माणसं तिथं जाऊन आलीत, कारण मनातलं बोलायचं तर आपल्या भाषेत बोलावं लागतं. सरकारी दवाखान्यातही समुपदेशकाला ‘मराठीत बोला’ असं बिनधास्त सांगा. बेळगाव-खानापुरात बऱ्याच जणांना येते, आणि नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगा. मात्र केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. मधल्या काळात जागोजागी केंद्रं निघालीत. रात्री गाडी पाठवून माणसाला हातपाय बांधून उचलून नेतो म्हणणारं केंद्र असेल तर फोन ठेवून द्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक विकार येतात, रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात मनाई आहे आणि केंद्राला नोंदणी बंधनकारक आहे. तिथं जाऊन तीन गोष्टी बघा: नोंदणीचा कागद, डॉक्टर रोज येतात का, आणि पहिल्या आठवड्यानंतर घरच्यांना एकट्यानं भेटू देतात का. फिट येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर नसलेल्या केंद्रात पहिले पाच दिवस ठेवू नका. ते पाच दिवस दवाखान्यातच.

आता पुतण्या. त्याची आणि मालकांची गोष्ट एका तव्यावर भाजू नका. पुडी सापडली म्हणजे व्यसन लागलं असं नाही, आणि ‘गांजा काय, साधू ओढतात’ असंही नाही. वयात येताना मेंदू घडत असतो. या वयात सुरू करणाऱ्यांना सवय जडण्याचं प्रमाण मोठेपणी सुरू करणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि काही मुलांच्यात गांजामुळं वेडाचे झटके येतात, कानात आवाज येतात, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटायला लागतं. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून दिरांना सांगा, मारू नका आणि कॉलेजातून काढू नका. काढलेलं पोर दिवसभर त्याच संगतीत बसतं. शांतपणे विचारायचं: किती दिवस, आठवड्यातून किती वेळा, कुणाबरोबर, आणि आणखी काय काय करून बघितलंस. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनचं औषध, पंक्चरचं सोल्युशन हुंगणं, आणि चांदीच्या कागदावर जाळून ओढायची पन्नी, यांची उत्तरं गांजापेक्षा जास्त तातडीची आहेत. पन्नीत हेरॉईन असतं. ते सोडलेल्या पोरानं महिन्याभरानं पुन्हा पहिल्याएवढंच घेतलं तर श्वास थांबून जागच्या जागी जाऊ शकतो, कारण अंगाची सवय तोवर मोडलेली असते. पोलिसांच्या भीतीनं घरचे दवाखान्यात नेत नाहीत. एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात कलम ६४-ए आहे: स्वतः ओढणारा किंवा थोडा माल जवळ असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. डॉक्टर पोलिसांना कळवायला जात नाहीत. पोराला घेऊन या.

शेवटी तुमचं. त्यांच्या कामावर ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं आजपासून थांबवा. त्यांचा फोन ते करतील. दुकानदाराची उधारी बचत गटाच्या कर्जातून फेडू नका. पगार बँकेत जमा होत असेल तर घरखर्चाचा आकडा दोघांनी मिळून ठरवा, तेही शुद्धीत असताना आणि शक्यतो भरतीनंतर. हात उगारत असतील तर समजूत घालत बसू नका, पोरांना घेऊन आधी बाहेर पडा. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे दोन्ही नंबर पोरांनाही पाठ करून द्या. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, भाषा निवडता येते. व्यसनासाठीचा राष्ट्रीय नंबर १४४४६. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, जवळची सभा कुठं ते दवाखान्यातल्या समुपदेशकाला विचारा. मालक तयार झाले नाहीत तरी तुम्ही एकट्या डॉक्टरकडं येऊ शकता. ज्या बायका आधी एकट्या आल्या, त्यांचे नवरे पुढं काही महिन्यांत आलेले मी पुष्कळदा बघितलंय.

येताना गेल्या वर्षी दिलेल्या औषधांची चिठ्ठी आणा, सापडली नाही तर रिकामी पाकिटं आणा. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, ते चूर्ण सुद्धा, पिशवीत घाला. आधार कार्ड, रेशन कार्ड. शेवटचा पॅक किती वाजता घेतला ते कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि सकाळी निघताना त्यांनी नेहमीचा पॅक घेतला तर वाटेत भांडू नका. दवाखान्याच्या दारात फिट येण्यापेक्षा ते बरं.